लाल खारव्याची चोपडी

ती लांब आहे, अरुंद आहे आणि हट्टी आहे. टेबलावर ठेवली तर कडेबाहेर डोकावते, पुस्तकांच्या कपाटात उभी करायला गेलं तर वरच्या फळीला अडते. तिला आडवंच ठेवावं लागतं, तेही मांडी घालून बसलेल्या माणसासमोर, कारण ती जन्माला आली आडत दुकानाच्या गादीसाठी. अंगावर लाल खारव्याचं कापड, पाठीला पांढऱ्या दोऱ्याची जाड शिवण, आत बिनरेघी कागद. रेघांचं काम सळ करतात. पान घड्या घालून दाबलेलं असतं आणि त्या घड्यांच्या खुणा म्हणजेच रकाने. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. या शिस्तीबाहेर तिला बोलता येत नाही. आईला जे आयुष्यभर तोंडानं सांगता आलं नाही, ते तिनं या शिस्तीच्या आधारानं लिहिलं.

उमरग्याच्या बाजारात अशा चोपड्या दर दिवाळीला येत. लक्ष्मीपूजनाला पूजा, पाडव्याला पहिली नोंद. आमच्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आहे, कुंकवाचं वाळलेलं बोट आहे आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १९१४ अशी मिती आहे. पुढे बाबांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तूर, हरभरा, करडी, हमाली, तोलाई, उचल. जवळजवळ वर्षभर ती मुकाट्यानं पोती मोजत राहिली. भाद्रपदात तिच्यातल्या नोंदी एकदम थांबतात.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होत होती, चार वाजायला काही मिनिटं होती. किल्लारी आणि तेव्हा आमच्याच उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूर ही गावं भूकंपात बघता बघता जमीनदोस्त झाली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, या घरांनी झोपेतल्या माणसांना गाडलं. आमचं घर एका बाजूनं बसलं. चोपडी देवळीत होती, भिंत तिच्यावर पडली. ढिगारा उपसताना ती निघाली तेव्हा एक कोपरा चेपला होता आणि शिवणीत पांढरी माती गेली होती. ती माती अजून पुरती निघालेली नाही. आजही पान उलटलं की मांडीवर चिमूटभर पडते.

बाबांनी दुकान पुन्हा मांडलं ते नव्या चोपडीवर. भूकंप बघितलेली चोपडी अर्ध्याहून जास्त कोरी होती, पण गादीवर नको, असं त्यांना वाटलं. आईनं ती मागून घेतली. तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. रात्री शेजारणी एकमेकींना काय काय गेलं ते सांगत बसायच्या. आई ऐकायची आणि मधेच म्हणायची, “ही माझी दुसरी खेप.” पहिली खेप कोणती, ते विचारलं की गप्प व्हायची. शेवटी बाबाच म्हणाले, “सांगवत नसेल तर लिहून ठेव. जमा-नावे तर येतं तुला.”

आणि चोपडीनं दुसरा हिशेब सुरू केला.

पहिल्या नोंदीला तारीख नाही. ‘मिती वैशाख. साल रझाकाराचं.’ एवढंच. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. नावे रकान्यात तिनं लिहिलंय: घर. दोन म्हशी. तुळस. माझी सागरगोट्यांची पिशवी. जमेच्या रकान्यात एकच ओळ आहे, पण तीन वेळा शाई भरून गिरवलेली: ‘पिंजारी चाचांनी मागल्या दारानं येऊन आप्पांना सांगितलं, आप्पा, आज रातकूच निकल जाव, कल का भरोसा नै.’

चोपडी इतिहास सांगत नाही. तो तिच्या भोवती उभा करावा लागतो. उमरगा तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा निजामानं विलीन व्हायचं नाकारलं. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला आणि त्याच्या आडोशाला रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाचं, बळ वाढत गेलं. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. या भागाला झुंज नवी नव्हती. गुंजोटीचे वेदप्रकाश १९३८ सालीच मारले गेले होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे एक शिक्षक पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या लढ्याचे नेते झाले. पण १९४८ च्या उन्हाळ्यात साध्या व्यापाऱ्याच्या, कुणब्याच्या, कारागिराच्या घरात प्रश्न एकच होता: पोरंबाळं घेऊन हद्दीपलीकडे कसं जायचं? सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या गावांत त्या वर्षी अशा माणसांनी वस्ती केली.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सडकेनं गेले नाहीत. सोलापूर-हैदराबाद सडकेवर नळदुर्ग होतं आणि तिथून सुखरूप जाता येईल याची खात्री नव्हती. ते मुरूमच्या अंगानं अक्कलकोटकडे निघाले. अक्कलकोट संस्थान मार्च महिन्यातच मुंबई इलाख्यात विलीन झालं होतं, म्हणजे तिथे पोचलं की भारत. आईच्या लेखी हा सगळा भूगोल तीन गोष्टींत मावतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून आजीनं धडुत्यात गुंडाळल्या. गाडीच्या आसाला तेल जास्त घातलं, चाक कुरकुरू नये म्हणून. आणि धाकट्या भावाच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला, तो रडू नये म्हणून.

या प्रवासाचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. डाव्या बाजूला आईनं अशा नोंदी केल्यात:

‘जमा. मुरूमच्या अलीकडं तांब्याभर ताक. देणारी म्हातारी. नाव इचारायचं राहिलं.’

‘जमा. ओढ्यात गाडी रुतली, चार जणांनी खांदा दिला. दोघं वडार होते, दोघं कोन ते अंधारात दिसलं नाही.’

‘जमा. हद्दीवर एका बाईनं माझं तोंड पदरानं पुसलं.’

उजव्या बाजूला हरवलेल्या, सोडून दिलेल्या, विकलेल्या वस्तू. आजीच्या पाटल्या सोलापुरात मोडल्या. निजामाच्या हाली शिक्क्याचे जे रुपये बरोबर होते त्यांचा भाव कमी, सात हालींना हिंदुस्थानी कलदार सहा हा सरकारी दर, आणि अडलेल्या माणसाला सावकार तोही देत नसे. आप्पा, जे स्वतः आडते होते, ते सोलापूरच्या बाजारात दुसऱ्याच्या गादीवर दिवाणजी म्हणून बसले. आजी विड्या वळायला शिकली. हे सगळं नावे आहे, आणि त्यात एकही रडका शब्द नाही. नोंद, रक्कम, पुढची नोंद.

पण सोलापूरच्या मुक्कामात जमेकडे एक मोठी नोंद आहे. आईला तिथल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं. उमरग्यात असती तर तिला कुणी पाटी हातात दिली असती असं नाही. परागंदा झाली म्हणून तिला अक्षर मिळालं, आणि त्याच अक्षरात, गोल, मोठ्या, ओळ न सोडणाऱ्या, तिनं ही चोपडी लिहिली. आम्ही भावंडं शिकलो ती त्या शाळेच्या पुण्याईवर, असं ती म्हणे. चोपडीत ते वाक्य नाही. तिथे फक्त ‘पाटी एक, पेन्सिली दोन’ असं आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेनं हैदराबादवर कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, सुरू केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालची मुख्य तुकडी सोलापूरकडून आत शिरली, नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, जळकोट घेतलं आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास उमरगा गाठलं. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा दरवर्षी याच दिवशी मुक्तिदिन साजरा करतो आणि तो करायलाच हवा. त्या मुक्तीशिवाय आप्पांची गाडी परत फिरली नसती.

आप्पा दिवाळीच्या आत उमरग्याला परतले. हे पान चोपडीतलं सगळ्यात जड पान. ती उघडायला हातात घ्या, ती आपोआप तिथेच उघडते. शिवण तिथे सैल झाली आहे, कारण आई त्या पानावर सर्वात जास्त वेळा परत आली असणार. डाव्या रकान्यात लिहिलंय:

‘जमा. पिंजारी चाचांनी घराची किल्ली सांभाळली. आम्ही आलो तवा चाचाच्या घरला कुनी नव्हतं. दार निखळलेलं. पिंजायचं धनुष्य अंगनात मोडून पडलेलं. आमचं कुलूप फोडून आत गेलो. आत समदं जागच्या जागी. आईनं ठेवलेलं तुपाचं बुडकुलंसुदिक.’

त्याच्यासमोर, उजव्या रकान्यात, ‘नावे’ असं लिहून आईनं पुढची जागा कोरी सोडली आहे. पानाच्या तळापर्यंत.

चाचांचं कुटुंब कुठे गेलं, कुणी म्हणे गुलबर्ग्याकडे, कुणी म्हणे हैदराबादला. कळलं नाही. पोलीस ॲक्शननंतर आमच्या भागात काय झालं ते जुनी माणसं आवाज खाली आणून सांगतात. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीनं १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, असं तिनं नोंदवलं. मरणारे बहुतेक मुसलमान होते. हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवल्याच्या हकिगतीही त्याच अहवालात आहेत. तो अहवाल पुढे कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आईनं तो कधी वाचला नाही. तिच्याकडे कोरा रकाना होता.

आई गेल्यावर चोपडी छापायची ठरली, तेव्हा कळलं की तिचा स्वभाव किती पक्का आहे. ती स्कॅनरच्या काचेवर मावेना. प्रत्येक पान दोन तुकड्यांत घ्यावं लागलं. डीटीपी करणाऱ्या मुलीनं मजकूर सलग करून पहिलं प्रूफ दिलं. जमा-नावे काढून टाकलं होतं, वाक्यं एकापुढे एक लावली होती, बोलीतलं ‘कुनी’ सुधारून ‘कुणी’ केलं होतं. वाचायला सोपं झालं होतं. पण सलग वाचताना ती एका कुटुंबाच्या हालअपेष्टांची कहाणी झाली, अशा कहाण्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. ताक देणारी म्हातारी आणि खांदा देणारे वडार त्या कहाणीत प्रसंगापुरते येऊन गेले. चोपडीत ते धनको होते. म्हणून रकाने परत घातले. त्यासाठी पुस्तकाचा आकार रुंद करावा लागला, सोळा पानांचे फर्मे वाढले, खर्च वाढला. बोली तशीच ठेवली. हाली, कलदार, करोडगिरी, फसली सन अशा शब्दांना तळटीपा दिल्या, कारण आमच्या मुलांच्या पिढीला ते कुणी सांगितलेलं नाही.

किल्लीच्या पानापाशी काम दोनदा अडलं. पहिल्यांदा छपाईकडून निरोप आला की उजवा मजकूर सुटला आहे, पाठवा. त्यांना कळवलं की सुटलेला नाही, पान तसंच छापायचं आहे. दुसऱ्यांदा मामा अडले. तेच मामा, ज्यांच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला होता. ते म्हणाले, “हे पान कशाला? आपल्या चुलत्याला रझाकारांनी मारलं, त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. त्याचा हिशेब कुठाय? आधी तो मांडा, मग बाकीच्यांचे.”

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. चुलत्याची नोंद आईनं केलेली नाही. ती का केली नाही, हे सांगायला ती उरली नाही. माझ्या भावाला वाटत होतं की मामांना समजावावं. मला वाटलं, त्यांना लिहायला सांगावं. मामांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं, चुलत्याचं नाव, शेवटचं कधी दिसला, अंगावर काय होतं, आजीनं किती वर्षं त्याच्या नावाचं ताट वाढलं. ते शब्दही न बदलता पुस्तकाच्या शेवटी घेतलं आहे. मामा किल्लीच्या पानाबद्दल अजूनही माझ्याशी सहमत नाहीत. पण त्यांनी पान काढा असं पुन्हा म्हटलं नाही, आणि मीही त्यांच्या लिखाणाला मलम लावणारी प्रस्तावना जोडली नाही.

आईची चोपडी छापताना मला हे पक्कं उमगलं की परागंदा झालेल्या माणसाची आठवण एकाच रकान्यात मांडली की ती फिर्याद होते, आणि फिर्याद पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कुणाकडून तरी वसूल करायची राहते. दोन्ही रकाने मांडले की घेणं कळतं तसं देणंही कळतं. आमच्या घरानं घर गमावलं, माणूस गमावला. त्याच घराची किल्ली ज्यानं सांभाळली त्यानं आपलं घर गमावलं. यातली एक गोष्ट दुसरीला खोडत नाही. दोन्हींची बेरीज करून शून्य काढायचा हक्क आपल्याला नाही. दोन्ही बाक्या पुढच्या पानावर ओढायच्या, एवढंच हिशेबनीस करू शकतो.

छापील पुस्तक देखणं झालं आहे. त्याला दिल्लीहून मिळालेला आयएसबीएन आहे. कायद्याप्रमाणे प्रकाशकानं द्यायच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांकडे रवाना झाल्या. चोपडी मात्र त्याच्याशी फारशी बोलत नाही. पुस्तकाला माती लागलेली नाही, त्याच्या पहिल्या पानावर तूर-हरभऱ्याचा भाव नाही, ते कपाटात नीट उभं राहतं. पण तिचं काम त्याला करता येतं आणि त्याचं काम तिला येत नाही. ती एकाच घरात असते, पुस्तक पोचेल तिथे जातं. गुलबर्ग्याला, ज्याला आता कलबुर्गी म्हणतात, एका परिचितांच्या हाती मी प्रती पाठवल्या आणि सांगितलं की पिंजाऱ्यांच्या वस्तीत द्या. कुणी विचारलं तर सांगा, उमरग्याच्या एका घराकडे येणं आहे.

१९४८ साली नऊ वर्षांची असलेली मुलं आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या घरांत अशा चोपड्या, वह्या, पत्रांचे गठ्ठे आहेत. उमरगा, मुरूम, गुंजोटी, नळदुर्गमध्ये आहेत, तशाच हैदराबादच्या आणि कलबुर्गीच्या गल्ल्यांतही असतील, तिथून इकडे न परतलेल्या माणसांच्या. लेखकाच्या मृत्यूनंतर लिखाणाचा हक्क वारसांकडे असतो. म्हणजे परवानगी द्यायची ती आपणच, आणि राखून ठेवायचं पापही आपलंच. मोठा प्रकाशक मिळाला नाही तरी चालेल, शंभर प्रती निघाल्या तरी पुरे. जुन्या माणसांची बोली सुधारू नका, अडचणीचं पान गाळू नका, ज्यांचं पटत नाही त्यांनाही लिहायला जागा द्या. आणि पहिल्या प्रतींतली एक गावच्या वाचनालयात नेऊन ठेवा. तिथे ती कोण उघडेल हे आपण ठरवायचं नाही.